आजोबांची माळ

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजोबांच्या फोटोला माळ घातली का?" मी "नाही" म्हणून फोन ठेवला. रागावले नव्हते, पण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आज लिहिते आहे.

फोटोला घालतात तो हार. लग्नात घालतात ती वरमाळ. नवरात्रात घटावर रोज फुलांची एक माळ बांधतात, म्हणून त्या दिवसांत तारीख न सांगता "आज चौथी माळ" असं म्हणतात. जपाची माळ बोटांतून फिरते. ती माझ्याकडे आहे. आणि तुळशीची माळ गळ्यात असते. ती घातलेला माणूस माळकरी. माळकऱ्याची माळ तुटली, तर पुन्हा गळ्यात येईपर्यंत तो जेवत नाही. अमरावतीला माझ्या माहेरी कोणी माळकरी नव्हतं. हे सगळं मला लग्नानंतर इथे अकोल्यात, आजोबांच्या माळकरी घरात कळलं.

इथल्या दवाखान्यात आजोबांच्या गळ्याजवळ नळी घालायची होती. माळ डोक्यावरून निघेना, म्हणून नर्सने ती कापली आणि मणी पिशवीत घालून माझ्या हातात दिले. काही खाली सांडले, ते सापडले नाहीत. त्या दिवसापासून आजोबांनी तोंड मिटलं. डॉक्टर म्हणत होते, पोटात काहीतरी जायलाच हवं. मी नवी माळ आणते म्हटलं, तर म्हणाले, "विकतची नको. माळ माळकऱ्याच्या हातून घ्यावी लागते. बाईला बोलाव."

बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. हिवरखेडला तिचा फुलांचा मळा आहे. दुसऱ्या दिवशी ती एसटीने आली आणि दारातूनच ओरडली, "कावून रे, उपाशी राहून देवाले भेव दाखवून राहिला का?"

"माळ तुटली, बाई."

"माळ तुटली, दात त नाई तुटले ना!"

असं म्हणत तिने स्वतःची माळ काढली आणि त्यांच्या गळ्यात घातली. "घे. आता गिळ." आजोबांनी दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली, थोडीच.

मी तिच्यापुढे डबा ठेवला. तिने तो सरकवला. "मी कशी खाऊ? माहा गळा सुना हाये."

मी धावत खाली जाऊन हारवाल्याकडून दोरा आणला. तिने तो ताणून पाहिला. "हा फुलाईचा दोरा. एका दिवसाचा. पक्का दोरा घरी हाये." मग मण्यांची पिशवी पदरात बांधून ती तशीच उपाशी हिवरखेडला परत गेली. सत्तरी उलटलेली बाई, उन्हाची. मी तिला अडवू शकले नाही.

त्यानंतर आठवडाभरात आजोबा गेले. लोकांनी घातलेले हार स्मशानात काढून ठेवले. माळ काढत नाहीत. बाईची माळ त्यांच्याबरोबर जळली.

तेरवीला बाई आली, तेव्हा आजोबांचे मणी तिच्या गळ्यात होते. हरवलेल्या मण्यांच्या जागी तिने दुसरे भरले नव्हते, त्यामुळे माळ तिला आखूड होते, गळ्याला घट्ट बसते. काल फोनवर मी विचारलं, टोचत नाही का? ती म्हणाली, "टोचते. राहू दे."

आजोबांचे कपडे आम्ही वाटून टाकले, चष्मा कुठे गेला कळलं नाही. त्यांची माळ हिवरखेडला बाईच्या गळ्यात आहे.