वजन कमी करणारा मेव्हणा

आमच्या हिच्या धाकट्या भावाइतका हुशार आणि तितकाच बिनकामाचा माणूस आमच्या झाई गावापासून आगरपर्यंतच्या किनाऱ्यावर दुसरा निपजला नाही. शिकला, लांब दक्षिणेत रॉकेटच्या कारखान्यात लागला, आणि आख्खी नोकरी एका जुन्या रॉकेटला ठिगळं लावण्यात घालवतोय. त्याला तो ‘म्हातारा’ म्हणतो. म्हाताऱ्याचा कॉम्प्युटर बदलला, मग इंजिन, मग टाकी. मी चौथी शिकलेला, पण एवढं मलाही कळतं. म्हटलं, “अरे, मग नवाच बांधा ना!” तर म्हणे, “भाऊजी, नीट चाललंय त्याला हात लावायचा नाही. बिघडलं तेवढंच बदलायचं.” बरं, तो म्हातारा उडताना फोनवर दाखवतात, तर हा डोळे मिटून बसतो. “माझ्याच्यानं बघवत नाही. वर गेला की सांगा.” ही गेली त्या दिवशीही ओटीवर तसाच डोळे मिटून बसला होता.

हे शहाणपण कारखान्यापुरतं. आमच्या घरात पाय ठेवला की दिसेल त्या वस्तूचं वजन कमी करायची ह्याला खाज. बादलीची कडी काढली, खाटेचे पाय कापले. म्हणे, वजन कमी केलं की रॉकेट जास्त सामान वर नेतं. अरे, पण माझी खाट कुठं वर जायचीय? ही असताना एकदा तर डावाचा दांडाच अर्धा कापला. हिची बोटं कालवणात पोळली. उरलेल्या अर्ध्या डावानं हिनं त्याला अंगणभर पिटाळला. “मेल्या, तुझ्या म्हाताऱ्याचं कर जा काय करायचं ते!” आणि हा मार खाताखाता म्हणतो, “बघ बाय, हलका झालाय ना? लागतच नाही!”

आता हिचं म्हणावं असं घरात एकच उरलंय, अंगणातली बोंबील वाळवायची वलांडी. बांबूचे खांब, वर आडवे बांबू, त्यांना दोऱ्या, आणि एकूण एक गाठ हिच्या हातची. यंदाच्या पावसात खांब कुजले. दिवाळीला हा लोखंडी पाइप घेऊन हजर. म्हटलं, “एक गाठ जरी सोडलीस, तर झाईत परत पाय ठेवायचा नाही.” तो पाइप मोजायला लागला. मला बघवेना, मी बंदरावर जाऊन बसलो.

परत आलो तर खांब सगळे पाइपचे, आणि वर आडवे बांबू, दोऱ्या, गाठी जशाच्या तशा. हलवून पाहिलं, हलेना. कौतुक कोण करणार ह्याचं? म्हटलं, “जगाचं वजन कमी करत हिंडतोस, आणि हे केवढं जड करून ठेवलंस रे?”

हात पुसत म्हणाला, “असू द्या, भाऊजी. ह्याला कुठं उडायचंय?”

मग दोघांनी मिळून बोंबील टांगले. रॉकेट जोडतो, पण बोंबलाच्या तोंडात बोंबलाचं तोंड अडकवून जोडी दोरीवर टाकायची, तेवढं ह्याला अजून धड येत नाही. बहिणीनं लहानपणी शिकवलं असेलच की ह्याला, तरीही.