मशीनमधलं सरबत

सांगलीत माझ्या कमरेच्या एमआरआयसाठी बसले होते, तेव्हा शेजारी उंब्रजची एक बाई होती. नाव विचारायचं राहूनच गेलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. तिला उदासीचा आजार होता. अशा माणसाचा आनंद हरवतो तेव्हा मेंदूत काय होतं, हे तिथल्या एक डॉक्टरीणबाई त्याच मशीनमध्ये पाहत होत्या. आत झोपवून नळीने तोंडात सरबताचे थेंब सोडायचे आणि कसं वाटलं ते विचारायचं.

तिची एक फेरी झाली होती. मी विचारलं, "मग काय सांगितलंत?"

"लय झ्याक हाय म्हनलं."

"खरंच आवडलं?"

"न्हाई वो. वरीस झालं, कशातच ग्वाडी न्हाई. नातू मांडीवर बसला तरी काई वाटत न्हाई. पर कुनी मायेनं पाजलं तर वाईट कसं म्हनायचं?"

विशीतली मी असते, तर तिला भजनी मंडळात ओढलं असतं. तेव्हा माझ्याकडे सगळ्या दुखण्यांवर ते एकच औषध होतं. स्वतः मात्र मी भजनात डुलक्या घ्यायचे. आता म्हटलं, "अहो, ते सरबत डॉक्टरीणबाईंनी घरून करून नाही आणलं. तुम्ही कौतुक करत बसलात, तर तुमचं दुखणं त्यांना कळायचं कसं?"

तिची आणखी एक फेरी बाकी होती. बाहेर आली तेव्हा डोळे ओले होते.

"सांगितलंत?"

"व्हय. काईच वाटत न्हाई म्हनलं. आता घरी बी सांगते. तितं बी समद्यांना झ्याकच म्हनत आलीया."