घरंदाज कॅमेरा आणि बोलका कॅमेरा

निवृत्तीच्या दिवशी मी शाळेतल्या टेबलाचा खण रिकामा केला, तेव्हा खडूचे इतके तुकडे निघाले की मीच थक्क झाले. त्यांतला एकही मी मुद्दाम ठेवलेला नव्हता. किस्स्यांचेही तसेच असते. ते कोणी साठवत नाही. ते साठत जातात. माझ्याकडचे बरेचसे रोह्यातल्या एका फोटो स्टुडिओत जमा झालेले आहेत, कारण वरसे गावातून बाजाराला आले की माझी बैठक तिथल्या बाकावर असे.

स्टुडिओ भाऊंचा. सगळे गाव त्यांना भाऊ म्हणे, आणि त्यांची सून नंदाही भाऊच म्हणे. नंदा माझी विद्यार्थिनी. माहेर पेणच्या खाडीकाठचे, मिठागरावर राबणाऱ्या घरातले. शिकायला मात्र मावशीकडे रोह्यात राहिली. समास आखल्याशिवाय तिने कधी वही उघडली नाही, हे अभिमानाने नमूद करते. नवरा धाटावच्या कंपनीत शिफ्टला गेला की ती दुकानात बसायची, आणि बसता बसता कॅमेरा शिकली.

भाऊंचा एक नियम होता: पासपोर्ट फोटो सुनेने काढावेत, बाहेरची ऑर्डर, म्हणजे लग्नकार्य, आपली. नंदाला नेमकी बाहेरची ऑर्डर हवी होती. मी तिच्या वतीने रदबदली केली, तेव्हा भाऊ म्हणाले, "बाई, तुमचा पोरगा नापास झाला तर पुढच्या वर्षी परत बसतो. लग्न परत लागत नाय."

मी रदबदली तिथेच आवरती घेतली. माझ्या बाबतीत असे क्वचित घडते.

*

शतक सरत आले होते. नंदाच्या भावाने मस्कतहून येताना तिच्यासाठी डिजिटल कॅमेरा आणला. हौशी माणसाने वापरावा असा साधाच. पण आमच्या पाहण्यात तसा दुसरा नव्हता. रोलऐवजी पोटात फ्लॉपी, आणि पाठीवर छोटा पडदा. बटण दाबले की काढलेला फोटो त्या पडद्यावर हजर.

भाऊंनी तो उलटसुलट करून पाहिला आणि काउंटरवर ठेवून दिला. "धुवायच्या आधीच फोटो दिसतो? म्हंजे पोर व्हायच्या आधी बारसं!"

तरीही गिऱ्हाईक नसताना त्या पडद्यावर ते स्वतःच्या मिशा न्याहाळताना मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे.

*

लग्नात फोटो काढणाऱ्यांची त्या काळी एक युक्ती असे. रोलमधले फोटो मोजके आणि मानाचे पाहुणे अमाप. मग जो पाहुणा फारच पुढे पुढे करील, त्याच्यावर नुसता फ्लॅश उडवायचा. फोटो निघतच नसे. पाहुणा खूश, रोल शाबूत. भाऊ याला 'कोरडा फ्लॅश' म्हणत.

एका लग्नात भाऊंनी नंदाला मदतीला नेले. मोठा कॅमेरा त्यांच्याकडे, लहान तिच्याकडे. नवऱ्यामुलाच्या काकांचा फोटो नंदाने काढला आणि त्यांना पडद्यावर दाखवला. डोळे मिटलेले होते. काकांनी तो पुसायला लावून दुसरा काढून घेतला. ही वार्ता मांडवभर पसरली आणि पंगतीपेक्षा मोठी रांग नंदापुढे लागली.

तेवढ्यावर थांबते तर ठीक होते. काका भाऊंकडे वळले. मघाशी तुम्हीही माझा काढलात, तो दाखवा, म्हणाले. तो अर्थातच कोरडा होता.

भाऊंनी आपला कॅमेरा छातीशी धरला. "आमचा कॅमेरा घरंदाज हाय. पोटातलं चारचौघांत सांगत नाय."

*

लहान कॅमेऱ्याचा एक दोष लवकरच उघडकीस आला. आपण बटण दाबावे आणि त्याने सावकाश विचार करून फोटो काढावा, अशी त्याची रीत होती. आमच्या शाळेच्या मैदानावर कबड्डीचे सामने होते. मैदान दुकानासमोरच, म्हणून भाऊंनी परवानगी दिली. नंदाने चढाई टिपायला बटण दाबले, आणि फोटोत आली ती रिकामी रेषा व थोडी धूळ. चढाई करणारा केव्हाच निघून गेला होता.

नेमका त्याच चढाईवरून वाद पेटला. गड्याचा पाय रेषेवर पडला, असे पंचांचे म्हणणे. त्या संघाचा कर्णधार धावत नंदाकडे आला, कॅमेरा घेऊन गेला आणि पंचांपुढे पडदा धरला.

"बघा सर. रेषेवर कोण हाय काय?"

*

एकदा मुंबईचे एक व्यावसायिक छायाचित्रकार धाटावच्या कारखान्याचे फोटो काढायला आले होते. त्यांचा डिजिटल कॅमेरा विटेएवढा जड, आणि बॅटरी खाण्यात पटाईत. ती कॅमेऱ्यातच ठेवून चार्ज करायला ते आमच्या स्टुडिओत येऊन बसले. नंदाने त्यांना प्रश्न विचारून भंडावले, पण गृहस्थ सज्जन होते. भिंग बदलता येते, बटण दाबताक्षणी फोटो निघतो, कमी उजेडातही निभावते, असे सारे त्यांनी समजावले. खरा फरक मात्र त्यांनी शेवटी सांगितला: लहान कॅमेरा उजेडाचा हिशेब स्वतःच करतो, मोठा तो आपल्यावर सोपवतो.

मला हे तत्काळ पटले. एक गाइड देतो, दुसरा परीक्षा घेतो.

त्यांनी नंदाला एक फोटो काढू दिला. पडद्यावर भाऊ नव्हते, बाक नव्हता, मीही नव्हते, सगळे पांढरेशुभ्र. भाऊंना हसू आवरेना. नंदा ओशाळली, तेव्हा ते गृहस्थ म्हणाले, "मोठा कॅमेरा चूकही मोठी करतो. माझे पहिले वर्ष असेच गेले."

नंदाने तो पांढरा फोटो पुसू दिला नाही. बॅटरी भरेपर्यंत तो पाहत राहिली.

*

आणि मग पेणच्या दामूशेठचा फोन आला. दामूशेठ गणपतीच्या कारखान्याचे मालक, भाऊंचे बालमित्र. परदेशातल्या एका मराठी कुटुंबाची मूर्ती दोन दिवसांत पेटीत बंद होणार होती, आणि त्यापूर्वी त्यांना तिचा मुखडा पाहायचा होता. रोल धुऊन टपालाने पाठवण्याइतका वेळ नव्हता. पेणच्या संगणक वर्गात इंटरनेट होते. दामूशेठनी स्वच्छ सांगितले, "डिजिटलवाल्या सूनबाईंना पाठव."

भाऊ बरोबर निघाले. मीही निघाले. एसटीत ते नंदाला एवढेच म्हणाले, "आज बिघडलं, तर बाहेरच्या ऑर्डरचं नाव काढायचं नाय."

नंदाने पहिला फोटो काढला. ओल्या, चकाकत्या रंगावर फ्लॅश असा परतला की गणपतीच्या कपाळावर पांढरा डाग, आणि कारागिराने जीव ओतून आखलेले डोळे गायब. तिने फ्लॅश बंद केला. आता उजेड अपुरा पडू लागला. कमी उजेडात हा कॅमेरा डोळा फार वेळ उघडा ठेवी, आणि तेवढ्या वेळात हात जरा जरी हलला तरी फोटो विरघळे. एक विरघळला. दुसराही. रंग ओला, म्हणून मूर्ती दाराशी नेता येईना. कॅमेऱ्याचा स्टँड दुकानातच राहिलेला, आणि कॅमेरा कुठे टेकवावा, तर प्रत्येक फळीवर गणपती. नंदाने कोपर पोटाशी घट्ट धरून पाहिले, तर तिसराही विरघळला.

भाऊ दाराशी चहा घेत होते. त्यांनी कप खाली ठेवला, आले, आणि नंदाकडे पाठ करून मूर्तीसमोर गुडघ्यांवर बसले.

"ठेव खांद्यावर."

नंदाने माझ्याकडे पाहिले. ज्या घरात सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, त्या घरातली ती.

"ठेव गो," भाऊ म्हणाले आणि त्यांनी श्वास रोखून धरला.

नंदाने कॅमेरा त्यांच्या खांद्यावर टेकवला आणि बटण दाबले. पडद्यावर गणपतीचे डोळे आले. असे स्वच्छ, असे शांत, की मूर्तीकडे पाहायचे सोडून आम्ही सगळे पडद्याकडेच पाहत राहिलो.

दामूशेठ खूश झाले. म्हणाले, "भाऊ, पुढच्या महिन्यात पुतणीचं लगीन काढलंय. फोटोला तू येशील की सूनबाई?"

भाऊ गुडघ्यांवरून उठले नव्हते. त्यांनी मानही वळवली नाही.

"तिला विचार, दामू. स्टँड बोलत नाय."