तोंडावरची बॅटरी

माणसांवर लिहिणं हे जाणत्यांचं काम. माझ्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नाही, आणि मी लिहितो ते सारं प्रॅक्टिकलच्या वहीत. तेव्हा मी असं काही लिहायला बसावं हा आगाऊपणाच आहे, वाचणाऱ्यांनी माफ करावं. पण या माणसावर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही, म्हणून धीर करतो.

ते समोरच्याच्या तोंडावर आधी बॅटरी मारत आणि मग विचारत, "कोनी धाडलं?"

भर दुपारीसुद्धा. उन्हात उजेड दिसत नसे, पण बॅटरी रोखलेली असे. वाट चुकून आलेल्या म्हशीलाही त्यांनी हाच प्रश्न विचारलेला मी ऐकला आहे. अकोले तालुक्यातल्या एका राखीव जंगलाचे ते गार्ड होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो.

पहिली भेट दुष्काळाच्या वर्षातली, सर्वपित्री अमावस्येच्या संध्याकाळची. आम्ही तिघं नगरहून एस्टीने गेलो होतो. सावेडीचा दिलीप, भिंगारचा यशवंत आणि मी. रात्री दिव्यावर येणारे पतंग पकडायचे, वर्गासाठी त्यांचा संग्रह करायचा, असा बेत होता. चांदणं असलं की पतंग दिव्याकडे कमी येतात, म्हणून अमावस्या निवडलेली. सामान म्हणजे एक गॅसबत्ती, यशवंतच्या आईची पांढरी चादर, इथरची बरणी आणि एक डबा.

मामांनी तिघांच्या तोंडांवर पाळीपाळीने बॅटरी मारली आणि ती डब्यावर आणून थांबवली.

"डब्यात काय हाय?"

"गूळ आणि केळी, मामा. आंबवलेली," मी म्हणालो.

त्यांनी झाकण उघडून वास घेतला. "हातभट्टी लावायला माजंच जंगल घावलं व्हय रे?"

"दारूसाठी नाही हो! झाडांच्या खोडांना फासायचंय. पतंग ते खायला येतात."

"झाडाला पाजनार?" मामांचे डोळे आणखी बारीक झाले. मग त्यांनी चादर चाचपली. "आवसंची रात. पांढरं कापड. गूळ, केळी. आन् लिंबं कुठं लपवलीत? गुप्तधन काढायला आलात ना?"

दिलीपला हसू आवरेना. त्याने प्राचार्यांचं पत्र पुढे केलं. मामांनी ते उजेडात धरलं, मग त्याचाही वास घेतला. "कागद कोनीबी लिव्हतं," ते म्हणाले. "करा काय करायचं ते. मी हितंच बसतो."

आणि बसले. दोन झाडांमध्ये चादर बांधून आम्ही तिच्यासमोर बत्ती पेटवली. थोड्या वेळात चादर भरून गेली. राखाडी, पिवळे, सुकल्या पानासारखे दिसणारे पतंग. मामा खाली वाकून बघत राहिले.

"ह्यांना कोनी धाडलं?"

"उजेडाकडे का येतात ते अजून नीट कळलेलं नाही, मामा," मी म्हणालो.

"मंग कळंपत्तुर इस्वास ठिवू नगा."

पण त्यांचं लक्ष चादरीवर नव्हतं. ते सारखे डोंगराच्या वरच्या सोंडेकडे बघत, खोकत, पुन्हा बघत. "बत्ती कवर ठिवनार?" हे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. आता संशय घ्यायची पाळी आमची होती. यशवंत माझ्या कानाशी लागला. "हा लाकडं विकतो बघ. ठरलेलं गिऱ्हाईक येणार असेल." मलाही ते पटलं.

तेवढ्यात तो आला. फिकट हिरवा, तळहाताएवढा, मागे लांब शेपट्या असलेला पतंग. चादरीच्या कोपऱ्यावर बसला. दिलीप बरणी घेऊन हळूहळू सरकू लागला.

"बत्ती बारीक करा," मामा म्हणाले.

"आत्ता? मामा, याच्यासाठीच तर आलोय! परवानगी आहे आमच्याकडे."

"इझवा म्हनतो ना, पोरांनू!" हुकमाचा आवाज नव्हता तो. ते हात जोडायच्या बेतात होते.

आणि मला वरच्या वाटेवर पावलं ऐकू आली. जड, टाच दाबून टाकलेली, मान न हलवता चालणाऱ्या माणसाची. आमच्या घरची माणसं ऊसतोडीला जातात. आई उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे शेंड्याच्या पाल्याचा, भारा डोक्यावर घेऊन येते तेव्हा तिची पावलं अशीच वाजतात. ही पावलं आमच्या उजेडाच्या कडेशी येऊन थांबली होती. डोक्यावरचं ओझं घेऊन असं उभं राहणं चालण्यापेक्षा अवघड असतं.

मी बत्तीची हवा सोडली. ती सुस्कारा टाकून विझली.

दिलीप ओरडला. मग तोही गप्प झाला, कारण अंधारातून बांगड्या वाजत गेल्या, एक दाबलेला खोकला गेला आणि वाळल्या लाकडांचा वास बराच वेळ जात राहिला. मामांच्या हातात बॅटरी होती. ती त्यांनी लावली नाही.

सगळं शांत झाल्यावर ते माझ्याजवळ आले. "वाडीतल्या बाया हायेत. पडलेलं, वाळकं नेत्यात. उभ्या झाडाला मी हात लावू देत न्हाई. पर कायद्यात वाळकंबी बसत न्हाई. राजूरच्या बाजारात इकत्यात, तवा चूल पेटती. वर कळलं तर माजी नोकरी गेली." मग म्हणाले, "काय पाह्यलं तुमी?"

"काही नाही, मामा. अंधार होता."

"तुला रं कोनी धाडलं?" अंधारातच त्यांनी विचारलं.

हिरवा पतंग अर्थातच गेला होता. परतीच्या एस्टीत दिलीप म्हणाला, "चोरी ती चोरीच. रेंज ऑफिसला कळवायला पाहिजे."

"तू काय पाहिलंस?" मी विचारलं.

"पाहू दिलंस कुठे?"

दिवाळीच्या सुट्टीत मी एकटाच पुन्हा गेलो. तोंडावर बॅटरी आली, "कोनी धाडलं?" झालं, आणि मग मामांनी कोरा चहा दिला, चौकीत झोपायला घोंगडी दिली. सकाळी निघालो तर माझी पिशवीही तपासली. मला बरं वाटलं. घरच्यासारखं.

पुढच्या पावसाळ्यात चौकीला कुलूप होतं. कोणीतरी वर तक्रार केली, चौकशी झाली, एवढंच फाट्यावरच्या चहावाल्याने सांगितलं. त्यानंतर दिलीप वर्गात शेजारी बसला की मी त्याच्या पेन धरलेल्या हाताकडे बघायचो. विचारलं कधी नाही. खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती वेगळीच होती. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या त्या माणसाच्या मनात आता माझंच नाव असणार.

परवा राजूरच्या बाजारात मोळी विकणारी एक म्हातारी माझ्याकडे निरखून बघत राहिली. मी जवळ गेलो तशी म्हणाली, "पाखरंवाला न्हवं का तू? त्या राती बत्तीच्या उजेडात बगितला व्हता तुला. आज कोनी धाडलं?"

मामांचेच शब्द. मी मामांचं विचारलं.

"नोकरी वाचली बाबाची. बदली केली. तिकडं पाथर्डीकडं, झाडंच न्हाईत म्हनं तितं."

पाथर्डीकडं म्हणजे माझ्याच मुलखात. ती मोळीची गाठ आवळत होती.

"जायच्या दिशी वाडीत सगळ्यांस्नी भेटला. बाया तुमा पोरांना शिव्या घालत व्हत्या. तर म्हनला, चुगली कोनीबी केली आसंल, मी समद्यांवर संशव घेतलाय, तुमच्यावरबी. पर बत्ती इझवली त्या पोराला कोनी काय बोलायचं न्हाई."