उन्हाचा उतार

मुकुंददादा दामले मेलबर्नमधल्या क्रेगीबर्नच्या आमच्या नव्या घरी पहिल्यांदा आले ते सत्यनारायणाला. आले, देवाला नमस्कार केला आणि हॉलच्या मधोमध उभे राहून खिशातून डोळ्यांच्या औषधाची एक रिकामी बाटली काढली. ती हवेत दाबली. पांढरी भुकटी उडाली आणि तरंगत तरंगत खिडकीकडे गेली. मला वाटलं, अंगारा असेल, कुठल्या तरी महाराजांचा. म्हटलं, आता हे पूजेत आपली पूजा मिसळणार.

"तांदळाची पिठी आहे," ते म्हणाले. "वारा बघतोय. तुझ्या किचनचा पंखा या कोपऱ्यातून हवा ओढतो. तिथे बसणाऱ्याला तळलेल्याचा वास लागणार नाही. मी तिथे बसतो."

"अहो, पण तळलेल्याचा वास तर छान असतो!"

"माणसाला," दादा म्हणाले आणि कोपऱ्यात जाऊन बसले.

शेजारी शुभावहिनी होत्या, त्यांच्या पत्नी. त्यांनी कपाळाला हात लावला आणि मला हळूच सांगितलं, "उद्या शिकारीला जायचंय ना. दोन दिवस झाले, घरात फोडणी नाही. उकडलेला बटाटा आणि दही. हिंगाचा डबा गराजमध्ये नेऊन ठेवलाय, सांग आता!"

शिकार! पुण्याचे दामले, रेल्वेच्या सिग्नलचे इंजिनिअर, जानवं घालणारा माणूस. आणि बंदुकीने नाही, धनुष्यबाणाने. मी तर तोंडातला शिरा गिळायलाच विसरले.

पुढे सहा वर्षं आम्ही शेजारी होतो, म्हणून हे वेड मला जवळून बघायला मिळालं. ऑफिसातल्या कुणा सहकाऱ्याने त्यांना एकदा रानात नेलं आणि तिथून ते लागलं. इथे हरणं बाहेरून आणलेली, फार माजलेली, शेतकऱ्यांना नकोशी झालेली. परवाना काढायचा, शेतमालकाची परवानगी घ्यायची, झाडावर मचाण बांधायचं आणि बसायचं. नऊ वर्षांत दादांनी चार हरणं मारली. चार! मी चिडवायचे, "दादा, एवढ्या वेळात आमच्या कोल्स सुपरमार्केटने चारशे कोंबड्या विकल्या." ते हसायचे. कपडे गराजमधल्या बंद डब्यात, निलगिरीच्या पानांत ठेवलेले. वहिनींनी एकदा ते प्रेमाने घरच्या कपड्यांबरोबर धुऊन किचनशेजारी वाळत घातले आणि दादा एक अख्खा हिवाळा म्हणत होते, "त्या दिवशी हरणाने मला बघितलंच नाही. त्याने आपली आमटी ओळखली आणि गेलं."

त्यांना मारण्यात फारसा रस नव्हता, हे मला हळूहळू कळलं. रस होता जागा निवडण्यात. "बाण सुटतो तेव्हा काही ठरत नाही, बाई," ते म्हणायचे. मला ते पहिल्यापासून 'बाई'च म्हणत. "आपण बसलो कुठे, तिथेच सगळं ठरलेलं असतं." आणि त्यातही मोसम सरता सरता, हिवाळ्यात. "एप्रिलमध्ये नर माजावर असतो, सैरावैरा धावतो. तेव्हा गाढवालाही हरीण मिळतं. जूनमध्ये त्याला दोनच गोष्टी हव्या असतात, पोटाला गवत आणि पाठीला ऊन. ती दोन्ही जिथे भेटतात तिथे मचाण." आधी जायची वाट ठरवायची, मग झाड, हा त्यांचा नियम. हरणाची पायवाट आपल्या बुटाने ओलांडायची नाही. संध्याकाळी गार हवा ओघळीतून पाण्यासारखी खाली उतरते, आपला वासही तिच्याबरोबर उतरतो, म्हणून हरीण वर आणि आपण खाली. मला हे सगळं पाठ झालं होतं. ऐकून ऐकून कोणालाही झालं असतं.

मग एका जानेवारीत मी क्रेगीबर्न सोडलं. गाडीने अडीच तासांवरच्या एका गावातल्या हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्टची नोकरी मिळाली. भाड्याचं घर रॉस नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कुरणाला लागून. कुरणाच्या वर दोन टेकड्या, मधे ओघळ. पहिल्याच आठवड्यात मी दादांना फोन केला, "अहो, इथे हरणं आहेत!" रॉसला विचारलं तर तो म्हणाला, "माझं गवत खातात, मेट. तुझ्या त्या मित्राला सांग, कधीही ये."

दादा आनंदाने ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बाई, एक सांगायचंय. माझा उजवा हात बारीक होत चाललाय."

फेब्रुवारीत निदान झालं. स्नायू एकेक करून निकामी करत नेणारा आजार. हात, पाय, मग गिळणं, मग श्वास. मी फार्मसिस्ट. माझ्या मागे औषधांची भिंत असते, आणि त्या भिंतीत हे थांबवणारी एक गोळी नाही. इतका राग मला कशाचाच आला नसेल. दादांना मात्र एकच प्रश्न होता, धनुष्य कधीपर्यंत ओढता येईल? धनुष्याचा ताण पाउंडात मोजतात, स्क्रू फिरवून कमीजास्त करता येतो. ते पंचावन्न ओढायचे. "चाळीसच्या खाली गेलं की मी धनुष्य ठेवून देणार," त्यांनी जाहीर केलं. "त्याने हरीण मरत नाही, नुसतं जखमी होऊन रानात जातं. तसला माणूस मी होणार नाही. त्याच्या आत एकदा, तुझ्या त्या टेकडीवर."

एप्रिल पहिल्या लॉकडाऊनमध्ये गेला. जून उजाडला, रस्ते उघडले. दर रविवारी दादा गराजमध्ये धनुष्य ओढून बघत आणि मला फोनवर आकडा सांगत. त्या पहिल्या रविवारी अठ्ठेचाळीस होता.

"एकदाच येऊ शकेन," ते म्हणाले. "प्रवासाने दोन दिवस आडवा होतो मी. म्हणून जागा पक्की झाल्याशिवाय यायचं नाही. तू माझे पाय हो." त्यांनी नकाशा बघितला होता, पण नकाशात दोन्ही उतार सारखेच चांगले दिसत होते. मला आवाजात रेकॉर्ड केलेला निरोप पाठवला, "उन्हाचा उतार घे. खालच्या अंगाला माणसापेक्षा जाड खोडाचं झाड बघ. रिबन बांध. रॉस मचाण चढवेल, शेजारी कॅमेरा लावेल. काही हललं की तो आपोआप फोटो काढतो. आठवडाभराचे फोटो बघितले की मी येतो."

मी गेले. माझी शिफ्ट अशी की सकाळी जाताना झुंजुमुंजू आणि येताना काळोख पडत आलेला, आणि सुट्टीच्या दिवशी ढग. त्या टेकड्यांवर हिवाळ्यातलं ऊन मी अजून पाहिलंच नव्हतं. पण त्यात पाहायचं काय? थंडीतलं ऊन कुठून येतं हे मला माहीत होतं. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी दक्षिणेला होती, आई डिसेंबरात तिथे केस वाळवत बसायची. मी दक्षिणेला तोंड असलेला उतार घेतला, छान जाड निलगिरी शोधली, लाल रिबन बांधली. रॉसने एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "शुअर?" मी म्हटलं, "शुअर." तो म्हणाला, "नो वरीज," आणि शिडी लावली.

तेव्हा अकरा वर्षं मी या देशात राहत होते. क्रेगीबर्नचं घर घेताना एजंटला मीच ठणकावून सांगितलं होतं, उत्तरेला तोंड पाहिजे, इथे ऊन उत्तरेकडून येतं. आणि टेकडीवर मात्र मी पुण्याची! याला काय म्हणावं?

तीन आठवडे कॅमेऱ्यात काही आलं नाही. बिळात राहणारे गुबगुबीत वॉम्बॅट आले, रॉसची चुकार गाय आली. दादा रोज विचारत, "आला का?" मी म्हणायची, "नाही." ते म्हणत, "थांबू. गार पडलं की येतील." सत्तेचाळीस. सेहेचाळीस.

जूनच्या शेवटच्या शनिवारी मला सुट्टी होती आणि आकाश निवळलं होतं. दुपारी दोनला कॅमेऱ्याचं कार्ड काढायला वर गेले आणि तिथून फोन लावला. बोलता बोलता म्हणाले, "दादा, काय गारठा आहे! बुटाखाली गोठलेलं दंव कुरकुरतंय अजून."

दादा अगदी सावकाश म्हणाले, "दुपारी दोनला दंव? बाई, तू कुठल्या उतारावर उभी आहेस?"

मी मान वर केली. समोरची टेकडी उन्हात न्हाऊन निघाली होती. मी सावलीत.

मी रडायलाच लागले. काय बोलले आठवत नाही. दादा हसत होते, खरंच हसत होते. "अगं, मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं. चार शनिवार सावलीत बसलो कुडकुडत. डोक्यातला सूर्य व्हिसा घेऊन येत नाही आपल्याबरोबर. रड नको. रॉसला हाक मार आणि मचाण हलव."

रविवारी हलवलं. मंगळवारी तो आला. रुंद शिंगांचा, ठिपके विटलेला नर, मागे तीन माद्या. संध्याकाळचे पाच वाजायला दहा मिनिटं. बुधवारी आला. गुरुवारी त्याच वेळी, त्याच झाडाखाली. फोटो पाठवला तर दादा कितीतरी वेळ काही लिहीत होते आणि पुसत होते. शेवटी आलं एवढंच, "देखणा आहे." आठवडाभराचे फोटो झाले. पुढचा शनिवार ठरला. रविवारचा आकडा पंचेचाळीस. वहिनींनी फोडणी बंद केली.

मंगळवारी दुपारी बातमी आली. मेलबर्न पुन्हा बंद, बुधवारी रात्रीपासून. शहराभोवती पोलिसांचं कडं.

"दादा, आत्ता निघा! उद्या निघा!" मी फार्मसीतून फोनवर ओरडले. लोक बघायला लागले. पण बुधवारी दिवसभर त्यांची श्वासाची तपासणी होती, दोन महिने थांबून मिळालेली. ती सोडा, असं मी म्हणू शकत नव्हते. मी फार्मसिस्ट, मी तर नाहीच.

सरकार सहा आठवडे म्हणालं होतं, तसं झालं नाही. आणखी कडक झालं, आणखी लांबलं. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. बाहेर पडायच्या कारणांची यादी निघाली, तीत शिकार कशी असेल? मी अर्ज लिहिला, डॉक्टरांचं पत्र जोडलं. उत्तर फार सभ्य भाषेत नाही असं आलं. आणि तो नर रोज येत होता. ऊन असेल त्या प्रत्येक संध्याकाळी. दादा फोटो मागायचे, मी पाठवायची. चव्वेचाळीस. त्रेचाळीस. नुसतं दरवाजाबाहेर पाहावं आणि समोर ती टेकडी, तिच्यावर ते ऊन, आणि मला काहीसुद्धा करता येत नव्हतं. कुणाच्या अंगावर धावून जावं? विषाणूच्या?

ऑगस्टातल्या एका रविवारी फोन आला नाही. मीच केला. "एकोणचाळीस," दादा म्हणाले. "तीनदा बघितलं." मग म्हणाले, "शुभाला सांगितलं, आज सांबार कर. हिंग भरपूर घाल."

नोव्हेंबरात कडं उठलं, तेव्हा वहिनी गाडी चालवत त्यांना घेऊन आल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवलेले, ते आपले आपण हलत नव्हते. आम्ही गाडी फाटकाशी उभी केली आणि मी लांबून झाड दाखवलं. तोवर सगळीकडे गवत माजलं होतं, नर महिन्याभरापासून फिरकला नव्हता. दादांनी खूप वेळ बघितलं. "बरोबर आहे," म्हणाले. "खाली खोल ओघळ, मागे जाड खोड. फार चांगली जागा आहे."

वहिनी म्हणाल्या, "हीच आधी घेतली असती तर जूनमध्येच तुम्ही येऊन गेला असतात. एवढं सगळ्यांना शिकवता आणि आपल्याच वेळेला उतार चुकवलात!"

मी चमकून दादांकडे बघितलं. ते वहिनींना म्हणाले, "हो ना. माझंच चुकलं. डोकंच चालेनासं झालंय." आणि मग, "चहा टाकतेस का गं, शुभा? तिचा चहा पाणचट असतो."

वहिनी घरात गेल्या. मी म्हटलं, "दादा, हे काय? मी सांगते त्यांना."

"काही सांगायचं नाही," ते म्हणाले. आवाज बारीक झाला होता, पण सूर दटावणीचाच. "मी आता किती दिवस? नंतर तिला या देशात तू सोडून आहे कोण? ती रागाची पक्की आहे. ते वाया गेलेले तीन आठवडे ती तुला जन्मभर माफ करणार नाही. मला दोन दिवसांत माफ करेल." मी काही बोलायला गेले तर म्हणाले, "बाई, चहा आला. मास्क खाली घे आणि हस."

आणि मी हसले. याचीच मला लाज वाटते.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. तेव्हाही लॉकडाऊन होता, अंत्यविधीला मोजकी माणसं, त्यांत मी नव्हते. लॅपटॉपवर बघितलं. मधे दोनदा चित्र थिजलं, आणि पुन्हा चालू झालं तेव्हा आटोपलं होतं.

तेव्हापासून दर रविवारी मी वहिनींना फोन करते, किंवा त्या करतात. त्यांच्या हाताखाली मी पुरणपोळी शिकले. माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्या तीन आठवडे येऊन राहिल्या. दादांचा हिशेब बरोबर होता. पण दर दोन-चार रविवारी त्या म्हणतात, "शेवटी जागाच चुकली गं त्यांची. ज्या एका गोष्टीत या माणसाचा हात कोणी धरला नसता, त्यातच चुकले. त्यांना किती लागलं असेल ते." आणि मी इकडे 'हं' म्हणते. चार वर्षं मी 'हं' म्हणतेय. ज्यांना दादा माहीत नाहीत त्यांनी हे वाचावं म्हणून लिहायला बसले, पण लिहिता लिहिता कळलं, हे एकाच माणसाने वाचायला हवं.

वहिनी, त्या जूनमध्ये दादांनी मला उन्हाचाच उतार सांगितला होता. त्यांचा निरोप अजून माझ्या फोनमध्ये आहे, तुम्हाला ऐकवते. ते चुकले नव्हते. मी चुकले.