न्हाणीच्या पाण्यावरची बाग

सन एकोणीसशे सत्तावन्न. मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो, आणि मला सगळं कळतं असं माझं ठाम मत होतं.

पिंपरीकडे नवे कारखाने उठत होते. त्यातल्या एकात मी सहा महिन्यांपूर्वी हेल्पर म्हणून लागलो होतो. शाळा मराठी तिसरीपर्यंत. पण मशीन उघडून पुन्हा होतं तसं बसवायचं म्हटलं तर मॅट्रिकवाल्याला मागे टाकायचो, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर म्हणेन. पिंपळे गुरवातून सायकलीवर निघायचं, नदीला पाणी कमी असलं की सायकल खांद्यावर घेऊन उतार ओलांडायचा आणि सातच्या भोंग्याला गेटात हजर. गावात खाकी कपड्यातला मी तिसरा की चौथा माणूस. मान ताठ राहायला तेवढं पुरे होतं.

आधीच्या दिवाळीत आम्हा दोघा भावांची वाटणी झाली. मीच मागितली. पंच बसले, घराच्या मधोमध भिंत ठरली, मागच्या परसात दगड पुरून हद्द झाली. न्हाणी माझ्या वाट्याला आली. न्हाणी म्हणजे मोठी फरशी, तीन बाजूंनी तट्ट्या आणि कोपऱ्यात रांजण. दादाने आपली नवी न्हाणी पुढच्या अंगाला बांधली, तिचं पाणी गल्लीत जायचं. माझ्या न्हाणीचं पाणी मात्र उताराने हद्दीच्या दगडाखालून दादाच्या परसात जायचं. पंधरा-सोळा वर्षं तसंच जात होतं. तिथे वहिनीचं अळू होतं, केळीचे दोन खुंट, आलं, पुदिना. पंचांनी वासे मोजले, दारं मोजली. ते पाणी कुणाचं हे कुणी विचारलं नाही. असलं काही विचारायचं असतं हेच कुणाला सुचलं नाही.

वहिनीबद्दल इथेच सांगतो. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा. त्याच उन्हाळ्यात वहिनी लग्न होऊन आली, पंधराची असेल नसेल. मला न्हाऊ घालणं, गोवर आला तेव्हा उशाशी बसणं, शाळेतून पळून आलो की दादाच्या मारातून सोडवणं, सगळं तिने केलं. तिला स्वतःला मूल व्हायला पुढे आठ वर्षं लागली. तोवर मीच.

तर शिमगा झाला. होळीची राख पाटीभर आणून मी परसात ओतली आणि बागेचा बेत मांडला. वहिनीच्या बाजूला सगळं मनाला येईल तसं वाढायचं. भोपळा गोठ्यावर, मिरची केळीत, कुठे काय लावलंय ते तिचं तिलाच ठाऊक. मी म्हटलं, आपली बाग अशी नको. कारखान्यात मी बघितलं होतं, आधी जमिनीवर आखतात, मग कामाला हात घालतात. मी चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, चुन्याने रेघा मारल्या. दोन ओळी भेंडी, दोन गवार, एक चवळी, तट्टीच्या कडेने दोडका आणि काकडी, मधून पाट. नदीकाठचा पोयटा सायकलीला पोती बांधून आणला. हाताने ढेकळं फोडली. आठ दिवस शिफ्ट सुटली की हेच.

बायको चाकणकडची. दारात उभी राहून बघत होती. "अवो, ही परसबाग हाय का कवायतीचं मैदान?"

हद्दीपलीकडून वहिनी हसली. "आगं, त्याच्या भेंडीला भोंगा ऐकून उगवायचं हाय."

मी म्हणालो, "हसा. दोन महिन्यांनी माझ्याच दारात भाजी मागायला याल."

"येईन की. पदर पसरून येईन," वहिनी म्हणाली, आणि दोघी पुन्हा हसल्या.

एवढं हसणं मला खुपलं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

बी टाकायला पाडवा धरला. पण चैत्रात गावचा आड तळाला जायचा, पोहरा खरवडून पाणी निघायचं. ते प्यायला पुरायचं नाही, बागेला कुठून आणणार? पाणी होतं ते न्हाणीचंच. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी हद्दीच्या दगडाशी मातीचा बांध घातला, थोपटून पक्का केला आणि न्हाणीचं पाणी माझ्या पाटाला वळवलं.

बायको म्हणाली, "ते पानी वयनींच्या आळवाला जातंय."

"न्हाणी कुणाची?"

"आपली."

"मग?"

ती घागर उचलून आत गेली.

पाडव्याला गुढी उभारून, कडुनिंब खाऊन मी बी टाकलं. चौथ्या-पाचव्या दिवशी वहिनी हद्दीशी आली. हातात अळवाचं एक पान, कडेने करपलेलं.

"आरं, आळू वाळाया लागलं."

"पानी माझ्या न्हाणीचं हाय, वयनी."

तिने पान बोटांत फिरवलं. मग म्हणाली, "त्याच न्हाणीत तुला घासत हुते मी. डोळ्यात शिकेकाई गेली की गाव गोळा करायचास."

"तवाचं तवा."

"बरं बाबा. घे. पानी घे." पान तिने चुरगाळून टाकलं. "पर आता बाग नीट कर म्हंजी झालं. काकडी धरली की बोट दावू नगंस, कुजती." आणि दुपारी तिने आपल्या पोरीच्या हातून दोडक्याचं बी पाठवलं, राखेत घोळून ठेवलेलं, तिच्या माहेरचं.

मी ते लावलं. आभार कसले मानायचे, घरचंच माणूस.

बी उगवलं. सरळ ओळीत, सुतळीखाली, एकही वाकडं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी बोलावून दाखवायचो. पण आम्ही दोघंच माणसं; आमच्या अंघोळीचं पाणी ते कितीसं? शेवटच्या ओळीपर्यंत पोचायचं नाही. मग मी शक्कल काढली. तोवर बायको धुणं नदीवर न्यायची. मी म्हटलं, उद्यापासून सगळं धुणं घरी, न्हाणीवर. पाणी मी आणतो. शिफ्टवरून येताना सायकलीला दोन डबे बांधून नदीचं पाणी आणायचं, त्यात धुणं होईल आणि तेच पाणी बाग पिईल. एका पाण्यात दोन कामं.

"नदीवर धुनं धुवायचं सोडून नदी घरात आनायची?" बायको म्हणाली.

"तुला न्हाई कळायचं."

"माझं मेलीचं काय. पर तुमचे ते कंपनीचे कपडे? त्येंचं पानी झाडाला चालंल?"

"पानी ते पानी."

माझ्या कपड्यांना ग्रीस लागलेलं असायचं. साध्या साबणाने ते हलायचं नाही. पिंपरीच्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या बाजारातून मी धुण्याचा सोडा आणायचो, आणि डागावर आधी रॉकेल चोळायला बायकोला मीच शिकवलं होतं. रोज एक जोड.

दहा-बारा दिवसांनी भेंडीची पानं पिवळी पडली. मग गवार. कडा जळाल्यासारख्या, बुडाशी मातीवर पांढुरकी साय. मी पोयट्याला दोष दिला, उन्हाला दिला, बियाला दिला. जास्त पाणी सोडलं. जास्त पाणी म्हणजे आणखी धुणं. मी न मळलेली धोतरंसुद्धा धुवायला लावली. बाग आणखीनच बसली.

एका गुरुवारी मी पहिल्या शिफ्टवरून लवकर आलो. परसात वळलो तर वहिनी माझ्या बाजूला, गवारीच्या ओळीत वाकलेली. डाव्या हातात सुपली, उजव्या हाताने झाडांच्या बुडाशी काहीतरी टाकत होती.

पुढचं मला रोज आठवतं असं नाही म्हणणार. पण आठवतं तेव्हा शब्दन् शब्द आठवतं.

"काय टाकतीस?"

ती दचकली. "राख. मावा पडलाय का बघत हुते."

"राख? का मीठ?"

"आरं काय बोलतोस?"

"पानी वळवलं म्हनून सूड घेतीस व्हय माझ्या बागेवर? मीठ घालून मारतीस?" मी असा ओरडलो की गल्लीतल्या बायका तट्टीशी आल्या. माझी बायको धावत बाहेर आली, "अवो, अवो," करत. मी थांबलो नाही. आणखी एक बोललो. म्हणालो, "सवताची कूस आठ वर्षं सुकी ऱ्हायली, आता दुसऱ्याचं हिरवं बघवत न्हाई."

राख होती. मला राख कळत नव्हती असं नाही. शेतकऱ्याच्या पोटचा मी, मावा पडला की चुलीतली राख टाकतात हे लहानपणी वहिनीबरोबर फिरूनच शिकलो. पण त्या घडीला मला राख दिसली नाही, फक्त तिचा हात दिसला.

वहिनीने सुपली पालथी केली, झाडली, काखेला मारली. रडली नाही. म्हणाली, "भावजी, पुन्हा या बाजूला माझा पाय न्हाई पडायचा."

सतरा वर्षांत तिने मला पहिल्यांदा भावजी म्हटलं. तोवर मी 'आरं' होतो.

दादा संध्याकाळी रानातून आला. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो हद्दीपलीकडे उभा राहिला आणि म्हणाला, "तुला हिनं भाकरी चारली नसती तर तू ही जीभ घिऊन उभाच ऱ्हायला नसतास." आणि आत गेला.

त्यानंतर वहिनी तीस वर्षं जगली. माझ्या पोरांची लग्नं झाली, तिने त्यांना हळद लावली, माझ्या बायकोच्या आजारपणात चुलीशी बसली. माझ्याशी बोलायची वेळ आली की "भावजी, जेवायला बसा," "भावजी, दादा बोलावत्यात," एवढंच. माणसं म्हणतात वेळ गेली की जखम भरते. आमची नाही भरली. मी भरू दिली नाही.

कारण मला ते तीन दिवसांतच कळलं होतं.

रविवार होता, सुट्टी. उन्हं कलली होती. बायको न्हाणीवर माझे कंपनीचे कपडे घासत होती. मी मागच्या ओट्यावर बसलो होतो. पाटाने पाणी निघालं. त्यावर रॉकेलचे रंग तरंगत होते, निळे-जांभळे, आणि कडेला सोड्याचा फेस. ते पाणी भेंडीपाशी गेलं, गवारीपाशी गेलं, वळलं, चवळीपाशी जिरलं. मी बघत राहिलो.

बायकोने हात थांबवले. "कळलं का आता?"

मी मान हलवली.

ती उठली, ओल्या हाताने तट्टीच्या कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे दोडक्याचे तीन वेल आणि काकडीचा एक. तिथपर्यंत माझा पाट पोचत नव्हता. "सकाळी हंड्यातलं शिळं पानी ओतून ताजं भरते ना, ते रोज तिकडं घालते. बघा कशी हायती."

चारही वेल हिरवेगार, तट्टीवर चढलेले. दोडक्याला पिवळी फुलं आली होती. तेच दोडके, वहिनीच्या माहेरचं बी.

"तुला ठावं हुतं तर बोलली का न्हाईस?"

"दोनदा बोलले. तुमी म्हनला, पानी ते पानी." मग आवाज खाली आणून म्हणाली, "जावा. आत्ता जावा. वयनी चुलीपाशीच असतील. चुकलो म्हना, एवढंच. त्या काय तुमाला उंबऱ्यात उभं करायच्या न्हाईत."

ते खरं होतं. मी गेलो असतो तर तिने पाट सरकवून दिला असता, बस म्हणाली असती. मला आजही शंका नाही. मी उठलोसुद्धा. हद्दीच्या दगडापर्यंत गेलो. आतून धूर येत होता, तिचा खोकला ऐकू आला. दादा काहीतरी म्हणाला आणि ती हसली. आता मी आत जाणार, आणि गल्लीभर मीठ-मीठ ओरडलेला मी म्हणणार, की विष माझ्याच कपड्यांचं होतं. दादासमोर. कारखान्यात जाऊन शहाणा झालेला मी.

परत फिरलो. बायकोला म्हणालो, "सकाळी जातो."

तिने माझ्याकडे बघितलं आणि कपडे पिळायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहाटे उजाडायच्या आत मी परसात गेलो. जळालेल्या ओळींना हात लावला नाही, त्या तशाही मेल्या होत्या. तट्टीच्या कोपऱ्यात गेलो आणि ते चार हिरवे वेल बुडापासून उपटले. कारण सगळी बाग मेलेली असती तर कुणीही काहीही समजलं असतं. पाटाबाहेरचं तेवढं जगलेलं दिसलं असतं तर कुणालाही कळलं असतं. दोडक्याच्या मुळाला ओली माती होती, ती झाडली. वेल गुंडाळून पोत्यात भरले, पोतं सायकलीला बांधलं. नदी उतरताना ते प्रवाहात सोडून दिलं आणि सातच्या भोंग्याला गेटात हजर झालो.