खुणेच्या वर एक अक्का

त्या सकाळी मी सुप्याच्या स्टँडसमोर जालिंदरच्या दुधाच्या टेम्पोची वाट बघत उभा होतो. आदल्या संध्याकाळी डोंगराकडे असा काही पाऊस कोसळला होता की माझ्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मी ज्या गावचा ग्रामसेवक आहे, त्या गावचा बाजार आदल्याच दिवशी होता. जालिंदर त्याच गावचा. टेम्पो थांबायच्या आतच मी खिडकीशी पोचलो. तो म्हणाला, "भाऊसाहेब, ओढा काठ सोडून व्हाईला. बाजार खाली असता तर आज गावात रडायला मानूस उरलं नसतं. पन बाजार वर माळावर हुता, खालच्या वस्तीतली मानसं बी तितंच. शेरडू सुदीक गेलं न्हाई." मला एकदम हलकं वाटलं. हसत म्हणालो, "मग अक्कांना म्हणावं, आता साऱ्या गावाकडून पेढे वसूल करा." जालिंदर हसला नाही. खाली उतरला आणि टेम्पोच्या पायरीवरच बसला. "अक्का गेल्या, भाऊसाहेब. शेजारच्या गावच्या फरशी-पुलावर... जीप व्हावून गेली."

दीड महिना होत आला, अजून माझा विश्वास बसत नाही. माणूस आजारी असतं, थकलेलं असतं, तर मनाची काही तयारी होते. पण कौसल्याअक्का म्हणजे आमच्या सरपंच, खणखणीत आवाजाची, भर सभेत पदर खोचून उभी राहणारी बाई. आणि त्यांना नेलं कुणी, तर त्याच ओढ्यानं. ज्या ओढ्यातून त्यांनी अख्खं गाव उचलून वर ठेवलं, त्यानं. हे मला पटत नाही आणि पटेल असं वाटतही नाही.

बायकांना राखीव जागा आल्या तेव्हा आजूबाजूच्या गावांत सरपंच बायका झाल्या आणि कारभार त्यांच्या नवऱ्यांनी केला. आमच्याकडे उलटी तऱ्हा. अक्कांचे यजमान रंगनाथराव अबोल गृहस्थ. ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून बिडी ओढायचे, सभा लांबली की सगळ्यांना चहा सांगायचे. एकदा मी थट्टेनं विचारलं, "तुम्ही कधी आत येत नाही?" ते म्हणाले, "घरात बोलू देत न्हाई, हितं काय देनार?" आतून अक्कांचा आवाज आला, "खरं हाय त्ये, लिवून घ्या भाऊसाहेब."

नव्या सरपंचांच्या प्रशिक्षणाला त्या तालुक्याला गेल्या होत्या. बहुतेकजणी तिथून पिशवी आणि फाईल घेऊन येतात. अक्का एक चिंता घेऊन आल्या. कुणा जाणत्या माणसानं तिथं सांगितलं होतं, की पृथ्वी तापत चालली आहे, पावसाची रीत मोडणार आहे, आणि जे बांधाल ते मागच्या नव्हे, पुढच्या पावसाकडे बघून बांधा. मी असली व्याख्यानं पुष्कळ ऐकली आहेत, आणि जेवणाची सुटी झाली की विसरलोही आहे. अक्का विसरल्या नाहीत.

नेमकं त्याच सुमाराला बाजाराच्या पक्क्या ओट्यांचं काम मंजूर झालं. आमचा आठवडे बाजार पिढ्यान् पिढ्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात भरे. बैल बांधायला सपाट वाळू, दोन्ही काठांवर वस्ती, सगळ्यांना सोयीचं. ओढ्याला पाणी म्हणाल तर चार-दोन दिवस पावसाळ्यात घोटाभर, तेही नशिबात असलं तर. ओढा हा ओढा आहे हेच गाव विसरलं होतं. ओटेही तिथंच बांधायचे हे इतकं उघड होतं, की मी ठराव आधीच लिहून ठेवला होता. अक्का म्हणाल्या, "सभा हाफिसात न्हाई. जिथं बांधायचं तिथंच घ्यायची."

भर उन्हात आम्ही वाळूत बसलो. नामदेवराव म्हणजे कापडाचे व्यापारी आणि पंचायतीचे सदस्य. त्यांच्या जिभेला हाड नाही. ते म्हणाले, "अक्का, प्यायचं पानी टँकरनं येतं आन् तुमी पुराच्या गोष्टी करता व्हय?" सभा खो-खो हसली. अक्काही हसल्या. म्हणाल्या, "पाऊस मेला न्हाई नामदेवराव, त्याची चाल बिघडली. आदी पावन्यावानी मुक्कामाला यायचा. आता दरोड्यावानी येतो, एका सांजंला. दरोडेखोर रोज येत न्हाई म्हून कुनी दार उघडं टाकतं का?"

मग त्यांनी सखारामबाबांना पुढे बोलावलं. बाबा बौद्ध वस्तीतले. वस्ती जुन्या काळापासून खालच्या अंगाला, ओढ्याला लागून. ती तिथं का बसवली गेली हे सांगायला नको. त्यामुळे पाणी कुठवर येतं हे त्या वस्तीइतकं कुणाला माहीत असणार? बाबांनी काठ चढून एका खडकाशी काठी टेकली. "माज्या ल्हानपनी हितवर आल्तं." अक्कांनी वहाणा काढल्या आणि त्या जागी उभ्या राहिल्या. विहिरीचं पाणी आपल्याकडे पुरुषांत मोजतात, एक पुरुष, दोन पुरुष. अक्का म्हणाल्या, "म्हाताऱ्यानं दावलेली खून मागच्या पावसाची. पुढच्या पावसासाठी तिच्यावर एक बाई धरा." गवंड्याला सांगून त्यांनी पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीचं एक टोक स्वतःच्या डोक्याशी लावलं. दुसरं टोक घेऊन पोरं लांबवर चढत गेली. नळीतलं पाणी जिथं सारखं झालं, त्याच्या वर जागा होती ती एकच... माळ.

गावात गदारोळ झाला. साहेब लोक म्हणाले, हा काय नियम? मी कागदावर पात्रापासून माळाची उंची फुटांत टाकली आणि प्रस्ताव पुढे पाठवला. अक्कांवर अविश्वास ठराव आणायच्या बैठका झाल्या, आणि थोडक्या मतांनी तो फसला. ओटे माळावर झाले. बाजार वर गेला तेव्हा चढण चढून दमलेल्या बायका पिशव्या टेकवून अक्कांना लाखोल्या वाहायच्या. अक्का स्वतः तिथं उभ्या राहून ऐकायच्या, वर एखादीची पिशवी उचलून द्यायच्या. त्यानंतर दोन पावसाळे ओढा ठणठणीत कोरडा. पोरं पात्रात क्रिकेट खेळत. नामदेवराव येता-जाता विचारत, "अक्का, पूर कवा हाय?" अक्का म्हणत, "आला की सांगावा धाडते."

पण त्या आतून खचल्या होत्या, हे मला ठाऊक आहे. एकदा कार्यालयात आम्ही दोघंच होतो तेव्हा म्हणाल्या, "भाऊसाहेब, पूर यावा असं मनात येतं कदी कदी. आन् मग माजीच मला शरम वाटती." 

पूर आला त्या दिवशी त्या लेकीला भेटायला गेल्या होत्या. परतीच्या जीपमध्ये शेजारच्या गावच्या बायका होत्या. त्यांतल्या एकीनं नंतर सगळं सांगितलं. परतीच्या वाटेवर आमची शीव लागायच्या आधी त्याच ओढ्यावर त्या गावची फरशी आहे, म्हणजे जमिनीला टेकलेला बुटका पूल. ती बांधत होते तेव्हा अक्का मुद्दाम जाऊन बोलल्या होत्या, आणि "तुमचं गाव सांभाळा" हे उत्तर घेऊन परतल्या होत्या. त्या संध्याकाळी तिथं पावसाचा थेंबही नव्हता. फरशीवरून गढूळ पाणी वाहत होतं, गुडघ्याएवढं. अक्का म्हणाल्या, "थांब रं बाबा, वर पाऊस झालाय." ड्रायव्हर हसला. म्हणाला, "अक्का, तुमची शीव अजून फुडं हाय. हितं तुमचा कायदा न्हाई." आणि त्यानं जीप घातली. मधोमध इंजिन बंद पडलं, आणि पाठोपाठ लोंढा आला. बाकीच्यांना काठावरच्या माणसांनी दोर टाकून ओढलं. अक्का कडेला बसल्या होत्या. ड्रायव्हर वाचला, पण तो कोवळा पोरगा अजून कुणाशी बोलत नाही. त्याच्यावर रागवायला जातो, पण त्याचा चेहरा आठवला की तेही जमत नाही. शिवेच्या अलीकडे बुडालं ते माणूस, पलीकडे असतं तर आज बाजारात असतं. एवढंच डोक्यात फिरत राहतं.

मागच्या आठवड्यात त्या गावानं फरशीवर सभा घेतली. ती काढून उंच पूल मागायचा, आणि किती उंच ते आपण ठरवून द्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. मलाही बोलावलं होतं. त्यांचे सरपंच उठले. "अक्का मोजायच्या तसंच मोजा," एवढंच म्हणाले आणि मान वळवली. खूण दाखवायला या वेळी म्हाताऱ्याची गरज नव्हती. पुरानं आणलेला काडीकचरा काठावर रेघ ओढल्यासारखा पडला होता. गवंडी नळी घेऊन रेघेशी गेला आणि थांबला. टोक कुणाच्या डोक्याशी लावायचं? कुणीतरी हळूच म्हणालं, "पाच फूट धरा." मी अक्कांच्या हाताखाली इतकी वर्षं काम केलं, पण त्यांची उंची मला सांगता येईना.

मागे रंगनाथराव उभे होते. ते आलेत हे मला माहीतही नव्हतं. ते पुढे आले, वहाणा काढून रेघेवर उभे राहिले आणि त्यांनी आपल्या कानाशी आडवा हात धरला. म्हणाले, "हितपत्तूर यायची."

गवंड्यानं नळीचं टोक त्यांच्या हाताला लावलं. पलीकडे दुसरं टोक धरलेल्या पोरांनी हाक दिली, खूण झाली, खुंटी ठोकली. गवंड्यानं नळी गुंडाळायला घेतली, तरी रंगनाथरावांनी हात खाली घेतला नाही.